सव्वापाच तासांची नोंद

एका गावाच्या वेशीबाहेर धातूंवर मुलामा चढवणारा एक कारखाना होता. तिथे विमानाची चाके धरणाऱ्या पायांत बसणाऱ्या जाड पोलादी पिना येत. विमान जमिनीवर टेकते तेव्हा त्याचा भार या पिनांवर येतो. पावसापाण्याने आणि खाऱ्या हवेने त्या गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर जस्त आणि निकेल यांच्या मिश्रधातूचा पातळ थर चढवायचा, हे त्या कारखान्याचे काम.

हे काम मथुराक्का पोतदार सांभाळत असे. वीस वर्षे ती त्या हौदांवर उभी होती. थर कुठे दाट बसला, कुठे विरळ, हे ती नुसत्या नजरेने सांगे. पण थर चढवणे हे अर्धेच काम होते. हौदातल्या द्रावणात वीज सोडली की हायड्रोजन वायूचा अंश पोलादात शिरतो. तो आतच राहिला तर पोलाद ठिसूळ होते. वरून देखणी दिसणारी पिन मग एखाद्या दिवशी भार येताच काडीसारखी मोडते. म्हणून नियम असा होता की हौदातून काढलेली पिन चार तासांच्या आत भट्टीत गेली पाहिजे आणि पूर्ण एक दिवस तिथे तापली पाहिजे. चार तास उलटले, की ती पिन बाद.

भट्टीपाशी एक वही असे. पिना भट्टीत ठेवताना मथुराक्का दोन्ही वेळा त्यात लिही. हौदातून कधी काढल्या आणि भट्टीत कधी ठेवल्या. याहून दुसरा पुरावा नव्हता, आणि मालक अण्णासाहेब चौगुल्यांना तो कधी हवासाही वाटला नव्हता.

एका रविवारी कामावर दोघेच होते, मथुराक्का आणि तिचा जुना सहकारी दस्तगीर मुल्ला. सकाळी दहा वाजता चोवीस पिना हौदातून निघाल्या. थर असा एकसारखा बसला होता की मथुराक्का स्वतःवरच खूश झाली. पिना धुऊन ती मांडत होती, तोच पलीकडून किंकाळी ऐकू आली. ॲसिडचा कॅन दस्तगीरच्या हातून निसटला होता आणि त्याचा हात कोपरापर्यंत भाजला होता.

मथुराक्काने त्याचा हात वाहत्या नळाखाली धरला. मग रिक्षा बोलावून तालुक्याचा दवाखाना गाठला. रविवार असल्याने डॉक्टर घरी गेलेले. ते येईपर्यंत, मलमपट्टी होईपर्यंत, दस्तगीरची बायको येऊन पोहोचेपर्यंत दुपार कलली. मथुराक्का कारखान्यात परतली तेव्हा सव्वातीन वाजले होते.

तिने पिना भट्टीत ठेवल्या आणि वही उघडली. पेन हातात तसेच राहिले. दहाच्या जागी बारा लिहिले की सगळे सुरळीत होणार होते. तेवढ्यात दस्तगीरचा फोन आला.

"अक्का, पिना राहिल्या ना? माझ्यापायी झालं हे. बारा लिहा की! तुम्हाला कोण विचारतंय?"

"हात कसा आहे?"

"ठणकतोय. पण अक्का, तुम्ही काय फिरायला गेला नव्हता. मला घेऊन गेला होता."

"ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे. त्या पोलादाला कुठे माहीत आहे?"

फोन ठेवून तिने लिहिले: काढल्या दहा वाजता, ठेवल्या सव्वातीनला. आणि पुढे लाल शाईने: बाद.

सोमवारी अण्णासाहेबांनी ती ओळ वाचली आणि त्यांचा पारा चढला. "मथुराक्का, गुरुवारी माल जायचा आहे! इतक्या चांगल्या कारणाने झालेला उशीर कोणी धरतं का? वीस वर्षांत तुमचा शब्द पडताळायला मी एकदा तरी घड्याळ पाहिलंय?"

"नाही पाहिलंत, अण्णा. म्हणून तर ते मला बघावं लागतं."

"या पिना मोडतीलच, असं छातीठोक सांगता तुम्ही?"

"नाही. आणि मोडणार नाहीत, असंही नाही सांगता येत. तुम्हाला येतं?"

अण्णासाहेब तापट होते, पण लबाड नव्हते. त्यांनीच माणूस बोलावून त्या चोवीस पिना कापायला लावल्या आणि भंगारात टाकल्या.

माल वेळेवर गेला नाही. विमान कंपनी रागावली आणि दोन महिने तिच्याकडून काम आले नाही. हौद झाकून ठेवावे लागले. लोक मथुराक्काशी कामापुरतेच बोलू लागले. "आमच्या सत्यवादी बाईंच्या राज्यात हौद कोरडे," असे एकाने तिला ऐकू जाईल असे म्हटले. तिला ते लागले. त्या पिना मोडल्या असत्या की नाही, हे आता कधीच कळणार नव्हते आणि हेच तिला सर्वांत जास्त टोचे. पण डोळ्यांसमोर खाली उतरणारे विमान आले, आत पोरे मांडीवर घेऊन बसलेली माणसे आली, की तिचे मन पुन्हा ठाम होई.

अशात एका विमानाच्या तपासणीत अशाच एका पिनेला तडा गेलेला आढळला. विमान सुखरूप उतरले होते, कोणाला काही झाले नव्हते. पण पिनेवरचा क्रमांक झिजला होता आणि तसल्या पिनांना मुलामा देणारे कारखाने तीन होते. तिन्हींची झडती घ्यायला खानविलकर नावाचे एक वयस्क अधिकारी निघाले. या गावात ते सर्वांत शेवटी आले.

दिवसभर त्यांनी वह्या वाचल्या. संध्याकाळी त्यांचे बोट त्या लाल ओळीवर थांबले.

"ही नोंद कोणाची?"

"माझी," मथुराक्का म्हणाली.

खानविलकरांनी चष्मा काढला. "बाई, दोन कारखाने पाहून आलो. त्यांच्या वह्यांत दोन वर्षांत एकदाही उशीर नाही. जिल्ह्याची वीज तीन दिवस गेली होती ना, त्या तीन दिवसांतही त्यांच्या भट्ट्या वेळेवर तापलेल्या! तुमच्याकडे त्या दिवसांत हौद बंद असल्याचं लिहिलंय. आणि ही एक ओळ आहे. हिच्यामुळे बाकीच्या सगळ्या ओळी मला खऱ्या मानता येतात."

मग त्यांनी उशिराचे कारण विचारले. मथुराक्काने सांगितले. ते ऐकून ते अण्णासाहेबांकडे वळले.

"ॲसिडच्या कामाला दोनच माणसं ठेवता?"

अण्णासाहेबांची मान खाली गेली. "माझं चुकलं," ते म्हणाले. सबबी त्यांच्याजवळ पुष्कळ होत्या, पण मथुराक्का समोर उभी असताना एकही ओठांवर आली नाही.

त्या दोन कारखान्यांच्या पिना विमानांतून काढल्या गेल्या आणि त्यांचे काम थांबले. इथल्या पिना जिथे होत्या तिथेच राहिल्या. रविवारीही कामावर चार माणसे ठेवायचे ठरले. आठवड्याभरात नव्या पिनांच्या पेट्या दारात उतरल्या, आणि मथुराक्काने बाह्या सारून हौदांवरची झाकणे काढायला घेतली.

तात्पर्य: ज्याच्या शब्दाची कोणी पारख करत नाही, त्याने ती स्वतःच करावी. आपली चूक जो स्वतःच्या हाताने लिहितो, त्याच्या बाकीच्या लिहिण्यावर जग विश्वास ठेवते.