डॉक्टरांच्या हातातली बांगडी

“पण बाई, स्क्रीनवर सगळं दिसतंय ना तिला? मग कळत का नाही?”

विराजने हे विचारलं तेव्हा बाई बांगड्यांची माळ सोडवत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

डॉ. सरोजिनी कासार. वडूजच्या त्यांच्या प्रसूतिगृहात त्यांना डॉक्टर कुणी म्हणत नाही, बाईच म्हणतात. वडील आठवडी बाजारात बांगड्या भरायचे. लेक डॉक्टर झाली, तरी हाताची सवय गेली नाही. नववा महिना लागलेल्या प्रत्येकीच्या हातात बाई स्वतः हिरव्या बांगड्या भरतात.

विराजला हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. पुण्याहून नवं तंत्र शिकून आलेला तरुण डॉक्टर तो. दवाखान्यात बांगड्यांचं दुकान कशाला, असं पहिल्याच आठवड्यात बोलून मोकळा झाला होता. बाईंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नवी माळ आणली.

त्याचं तंत्र मात्र खरंच चांगलं होतं. कळा सुरू व्हायच्या आधीच पेशंटला निजवायचं, अंगावर चादर, शेजारी सिस्टर. खालून सोनोग्राफीचा प्रोब धरायचा आणि स्क्रीन तिच्याकडे वळवायचा. तिनं जोर केला की बाळाचं डोकं खाली सरकतं का, हे तिचं तिलाच दिसतं. पुष्कळ बायका जोर करताना नकळत खालचं अंग आवळून धरतात. मग डोकं खाली यायच्या ऐवजी वर जातं. एकदा ते डोळ्यांनी पाहिलं, की बहुतेकींना आपली चूक उमगते.

राजश्री लोणारेला उमगत नव्हती.

“रोज तेच,” विराज म्हणाला. “जोर लावा म्हटलं की आवळून धरते. डोकं वर. सैल सोडा म्हटलं की आणखी आवळते. डोकं आणखी वर. मी दाखवतो, बघा, वर गेलं. परत वर गेलं. ती स्क्रीनकडे बघतच नाही, माझ्या तोंडाकडे बघते. माझं तोंड काय सोनोग्राफी आहे?”

“आज काय झालं?”

“आज उठूनच बसली. म्हणाली, पोट फाडा पण हे नको. उद्या नवरा येतोय. साताऱ्याला नेऊन ऑपरेशनची तारीख घेणार.”

“ऑपरेशनची गरज आहे?”

“काडीचीही नाही. बाळ व्यवस्थित, जागा व्यवस्थित. एक तीच…”

बाईंनी आता मान वर केली.

“तीच काय?”

…

राजश्रीची पहिली खेप विराजलाही ठाऊक होती. दुसऱ्या गावी, दुसऱ्या दवाखान्यात चिमटे लावून बाळ काढलं होतं. इतके टाके पडले, की कित्येक महिने तिला धड बसता येत नव्हतं. पोरगं पाजायचं तेही कुशीवर. बाळंत होताना सगळे तिच्या उशाशी उभे राहून एकच शब्द ओरडत होते. जोर लाव.

हे सगळं ऐकूनच विराजने तिला शब्द दिला होता, की या वेळी तसं होणार नाही. तो शब्द आता पाण्यात चालला होता, आणि त्याचा राग त्याला तिच्यावरच येत होता.

“वरून जोर आणि खालून सैल,” बाई म्हणाल्या. “दोन्ही एकाच वेळी सांगतोस.”

“करायचंही एकाच वेळी असतं, बाई.”

“खरं आहे.”

विराजचा पारा चढला. या बाई भांडतही नाहीत. समोरच्याचं म्हणणं मान्य करून त्याला तिथंच अडकवून ठेवतात.

“मग मी चुकलो कुठं?”

“तिला आत बोलाव.”

राजश्री आली. डोळे सुजलेले. पदर सावरत खुर्चीच्या अगदी कडेला टेकली.

“बाई, रागावू नगा,” ती म्हणाली. “मला बी ऑपरेशन नको हुतं. घरात दोन वर्साचं पोरगं हाय, त्याला उचलायला पायजे. पण माझ्याच्यानं न्हाई व्हायचं ते. मला येतच न्हाई.”

“बरं,” बाई म्हणाल्या आणि माळेतून एक बांगडी काढली. “हात दे.”

राजश्रीने हात पुढे केला.

“तुझा नाही गं. विराज, हात दे.”

“माझा?”

“इथं दुसरा विराज कोण आहे?”

…

दारात सिस्टर उभी होती. तिने घाईघाईने बाहेर पाहिलं. विराजच्या डोळ्यांसमोर सगळं कॉलेज उभं राहिलं, सगळे मित्र, आणि पुरुषाच्या हातात बांगड्या भरण्याविषयी जे जे बोललं जातं ते सगळं. पण बाईंना नाही म्हणणारा माणूस वडुजात अजून जन्मायचा होता. त्याने हात दिला.

बाईंनी त्याची बोटं एकत्र धरली, बांगडी चढवली. ती अंगठ्याच्या बुडाशी अडकली.

“सैल सोड.”

“सोडलाय.”

“सोड.”

“सोडलाय म्हणतोय ना, बाई.”

“हाताकडे बघ. अडकली. परत अडकली. कळत कसं नाही तुला?”

आवाज बाईंचा, पण बोलणं थेट विराजचं होतं. सोनोग्राफीच्या खोलीतलं, जसंच्या तसं. राजश्रीने चमकून दोघांकडे पाहिलं.

“थोडा जोर लाव,” बाई म्हणाल्या. “आणि सैल सोड.”

विराजने दात आवळले. कट् असा आवाज झाला. हिरव्या काचेचे दोन तुकडे टेबलावर पडले आणि त्याच्या अंगठ्यावर लालसर ओरखडा उमटला.

“फुटली,” तो म्हणाला.

“फुटली म्हणू नये, डॉक्टर,” राजश्री हळूच म्हणाली. “वाढवली म्हणायचं.”

“तुमची बांगडीच लहान आहे, बाई.”

“हो का?” बाईंनी तेवढीच दुसरी काढली.

आता विराजला खरोखर रडू यायच्या बेतात होतं. बाहेर पेशंट खोळंबलेत, उद्या ही राजश्री ऑपरेशनला जाणार, आणि आपण इथं बसून काय करतोय तर बांगड्या भरून घेतोय. त्याचा खांदा वर चढला, कोपर ताठ झाला. पंजाचं लाकूड झालं.

बाई थांबल्या. बांगडी त्यांनी राजश्रीपुढे धरली.

“तू बघ गं. माझ्याच्यानं नाही व्हायचं.”

राजश्री दचकली. मग तिने खुर्ची जवळ ओढली आणि डॉक्टरांचा हात आपल्या मांडीवर घेतला. आधी बांगडी बाजूलाच ठेवली. नुसता हात धरून बसली. बोटांची पेरं दाबली, अंगठा तळहाताकडे वळवला.

“हाताकडं बघू नगा,” ती म्हणाली. “माझ्याकडं बघा. मी पैल्यांदा चुडा भरला तवा लई रडले हुते. आईनं असाच हात धरलावता. तुमची आई कुठं असती?”

“नगरला.”

“एकटीच?”

“हो… म्हणजे मावशी असते जवळ.”

“फोन करता का रोज?”

…

शेवटचा फोन कधी केला, ते विराज आठवायला लागला. त्याने एक मोठा श्वास सोडला आणि खाली पाहिलं, तर बांगडी मनगटात होती.

“कधी गेली?”

“आत्ताच,” राजश्री म्हणाली. “तुमी हात इसरला, तवा.”

बोलता बोलता ती मधेच थांबली. आपल्याच मांडीवरच्या त्या हाताकडे बघत राहिली. बाई माळ गुंडाळायला लागल्या होत्या.

“डॉक्टर,” राजश्री म्हणाली, “ते मशीन एकदा लावता का परत?”

पुन्हा तीच खोली, तीच चादर. विराजने प्रोब धरला तेव्हा मनगटातली बांगडी मशीनवर किणकिणली. राजश्रीला हसू आलं. त्याने सवयीने तोंड उघडलं. जोर हा शब्द अगदी जिभेवर होता. त्याने तोंड मिटलं.

राजश्रीने मोठा श्वास घेतला, थोडा धरला आणि सावकाश खाली दाबला. स्क्रीनवर बाळाच्या डोक्याची करडी गोलाई जागची हलली. वर नाही गेली. बोटभर खाली सरकली.

“त्ये… खाली आलं?”

“हो.”

“म्या केलं?”

“तुम्हीच केलंत.”

“थांबा, परत बघते.”

या वेळी तिची नजर स्क्रीनवरून हलली नाही. डोकं पुन्हा खाली आलं. एकदा मधेच भीती वाटली असावी, कारण गोलाई झटकन वर गेली. विराज काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “आवळलं व्हय मी? दिसलं मला.” आणि पुन्हा खाली आणलं. मग ती रडायला लागली. रडता रडता सिस्टरला म्हणाली, मालकाला फोन लावा, उद्या गाडी आणू नगा म्हणावं.

विराज धावतच बाईंच्या खोलीत आला. आनंद होता, पण मघाचा राग अजून पुरता उतरला नव्हता.

“आलं, बाई. तिला जमलं. म्हणजे माझं मशीन काही वाईट नाही.”

“मी कधी म्हटलं वाईट आहे? चांगलंच आहे. सगळ्यांना दाखव.”

“मग आधीच सांगायचं ना, की ओरडू नकोस म्हणून. सरळ शब्दांत. बांगड्यांचं नाटक कशाला?”

बाईंनी चष्मा पुसला.

“पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. सरळ शब्दांत.”

…

विराजला ते आठवलं, आणि आठवलं तसं नकोसंही झालं. तो मुकाट्याने बांगडी ओढायला लागला. आत जाताना गेली होती, बाहेर येईना. हात लाल झाला.

“ही आता काढा, बाई.”

“राहू दे.”

“राहू दे काय? बांगडीवर हातमोजे चढत नाहीत. उद्या-परवा कळा सुरू होतील. हे घालून मी तिची डिलिव्हरी कशी करणार?”

बाईंनी माळ कपाटात ठेवली, दार लावलं, आणि त्याच्याकडे जरा नवलाने पाहिलं.

“तिची डिलिव्हरी… तू करणार होतास? मला वाटलं, ती करणार.”