मूठभर गाळ

त्या मुलखात पाणी एकाच झऱ्याचं होतं आणि तो झरा कुणाच्याच मालकीचा नव्हता. डोंगराच्या पोटातून तो उघड्या माळावर येई. रीत एवढीच होती, की पाणी प्यायलेल्यानं जाताना मूठभर गाळ उपसून बाजूला टाकायचा. हरणानं खुरानं, बगळ्यानं चोचीनं. त्या रीतीमुळे झरा वाहता राहिला होता, पण तिचं कौतुक करायचं कुणाला कधी सुचलं नव्हतं.

झऱ्याकाठी एक कासवीण राही. तिला कुणी नेमलेलं नव्हतं, पण गाळ न काढता कुणी निघालं की ती खाकरे. तेवढं पुरे होई.

मग साळिंदरांनी भुयारं खोदली. प्रत्येकाच्या दाराशीच भुयाराचं एकेक तोंड. आत गारवा, मऊ गवत आणि भिंतीतल्या नळीतून पाणी. कुणाला काय आवडतं ते साळिंदरांना पावलांवरून कळे. घंटा वाजली की भिंतीतून सशापुढे गाजर येई, मोरापुढे आरसा. बाहेर पडून चार पावलं टाकावीत तर आतून घंटा वाजे आणि नावानं हाक येई. हाकेला ओ न देणं त्या मुलखात उद्धटपणाचं समजत, त्यामुळे जनावर माघारी फिरे. दिवसाच्या उजेडाचे दहा वाटे केले तर नऊ असे भुयारात जाऊ लागले. उरलेल्या एका वाट्यात माळावर पुष्कळ जण दिसत, पण ते एका भुयारातून दुसऱ्या भुयारात चाललेले असत. जाता जाता एक घोट घेत आणि कासवीण खाकरायच्या आत पसार होत.

भुयारातल्या नळ्या त्याच झऱ्याला लावलेल्या होत्या. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असून कुणाचं काही अडत नव्हतं.

गाळ साचत गेला. कासवीण एकटी उपसत राहिली, तिची नखं मुळापर्यंत झिजली. शेवटी ती भुयारात आपल्या जुन्या मैत्रिणीकडे, हरणीकडे गेली.

"चार दिवस ये गं माझ्यासोबत," ती म्हणाली. "दोघींनी मिळून झऱ्याचं तोंड मोकळं करू. नाहीतर झरा हातचा जाईल."

"येते की," हरणी म्हणाली. तिची नजर भिंतीवरून हलली नाही. "एवढी एक घंटा होऊ दे."

कासवीण थांबली. घंटा झाली, मग दुसरी झाली. दिवस कलल्यावर ती एकटीच परतली. हरणीचा तिला राग आला नाही, स्वतःची लाज वाटली. कारण तिसऱ्या घंटेला तीही मान वर करून बसली होती.

महिनाभरात झरा बुजला. नळ्यांतून आधी गढूळ पाणी आलं, मग नुसता वारा. साळिंदर घाबरले नाहीत. भुयाराच्या शेवटच्या दालनात त्यांनी भिंतभर झऱ्याचं चित्र काढून घेतलं, रंग ओला वाटेल असं, आणि मागून खळखळाट ऐकू येईल अशी सोय केली. घंटा वाजली. सगळा मुलूख तिकडे लोटला.

कासवीण आणखी तीन दिवस गाळ उकरत राहिली. चौथ्या दिवशी तिच्याही नावानं हाक आली. तिनं ओ दिली.

"मावशी, आत यायचं तर पायाचा चिखल तेवढा पुसून या," दारावरचा साळिंदर आदबीनं म्हणाला. "बाकी काही नाही."

तिनं पाय पुसले. आत हरणी भिंत चाटत होती. सगळ्यांच्या जिभा लागून लागून तिथला रंग उडाला होता आणि खालची माती दिसू लागली होती. हरणी थोडी सरकली आणि तिनं कासविणीला जागा करून दिली.