मागच्या सीटवरची बाई

शिवदासनं सैन्यभरतीची शर्यत मारली, पण दारू पिऊन जीप चालवल्याचा खटला मिटेपर्यंत त्याला घेणार नव्हते. खरं तर जीप चालवली होती मालकानं, आबासाहेबांनी. झाडावर आदळल्यावर त्यांनी आळ शेजारच्या सीटवर बसलेल्या शिवदासवर ढकलला.

"मी तेव्हा घरी होतो," आबासाहेबांनी कोर्टात शपथेवर सांगितलं.

शिवदास हळूच म्हणाला, "न्यायाधीश साहेब, मागच्या सीटवर ओलेती बाई बसली होती. चालवणाऱ्याला न्यायला येईन म्हणाली."

आबासाहेब ताडकन उठले. "खोटं! मागं कुणी नव्हतं! मी वळून पाहिलं होतं!"

"घरातूनच पाहिलंत का, मालक?"

शिवदास सुटला. कोर्टाच्या दारात आबासाहेबांनी दबक्या आवाजात विचारलं, "खरं सांग, ती होती का रे?"

शिवदासनं सुटकेचा कागद खिशात घातला आणि तो चालू लागला. त्याला भरतीला जायचं होतं.