एका फुंकरीत मावतील तेवढी नावं

बोरखोऱ्यात तीन दिवस एकही पोर रडलं नव्हतं, आणि म्हणूनच सगळं गाव रडत होतं.

गाव ते केवढं! डोंगराच्या कुशीत पंधरा-वीस घरं, आणि सगळी मिळून आठ पोरं. त्यांतली सात परवा उतारावर बोरं वेचायला गेली. लालचुटूक, पिवळीधमक, आंबटगोड बोरं! पोरं वेचत होती, खात होती, बिया एकमेकांना मारत होती. तेवढ्यात दरीतून धुकं वर आलं. नेहमीचं दुधी, गारेगार धुकं नव्हे हं. हे राखेच्या रंगाचं होतं आणि त्याला आवाज म्हणून सोसत नव्हता. ते आलं नि पाखरं गप्प झाली, पानं गप्प झाली, ओढासुद्धा गप्प झाला. पोरांनी जांभया दिल्या आणि जी आडवी झाली ती झालीच. आयांनी त्यांना घरी उचलून आणलं, गदागदा हलवलं, तोंडावर पाणी मारलं, कानाशी थाळ्या बडवल्या. पण त्या धुक्यात थाळी वाजली तरी घरातल्या घरात ऐकू येईना. एकानंही डोळा उघडला नाही.

आठवी होती रुंजी. दहा वर्षांची, काडीसारखी बारीक, दोन चिमुकल्या वेण्या आणि कोपरावर ठिगळ लावलेलं झंपर. बाप वारल्यापासून ती आणि तिची आई कागदाची खेळणी करून जत्रेत विकत. रंगीत भिरभिरी, पिपाण्या, आणि सगळ्यांत जास्त खपायचा तो कागदी फटाका. चौकोनी कागद दुमडायचा, कोपरे आत घ्यायचे, पोट मोकळं ठेवायचं, टोक धरून हात झटकला की पोट बाहेर येऊन फाट्! ना दारू, ना ठिणगी. शेजारच्या दुकानवाल्या जनाकाकूला मात्र त्या आवाजाचा भारी राग. "मेल्यांनो, कानाचे पडदे फाडता का माझ्या!" असं ती रोज ओरडायची.

परवा रुंजीचा धाकटा भाऊ हौशा म्हणाला होता, "ताई, चल ना गं बोरांना." रुंजी घडीवरून मान वर न करताच म्हणाली, "शंभर व्हायच्यात अजून. जा तू." तो गेला. आता तो घोंगडीवर निजला होता, पाच वर्षांचा, गालावर बोराचा रस वाळलेला, आणि त्याचे हात तासातासाला गार पडत होते. आपण बरोबर असतो तर त्याला पाठुंगळी मारून पळालो असतो, एवढं एकच रुंजीच्या मनात पुन्हा पुन्हा येई.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई म्हणाली, "रुंजे, त्याचं टोपडं तिकडंच पडलंय बघ. डोकं गार लागतंय त्याचं."

रुंजी उतारावर गेली. बोरीच्या जाळीत तिला टोपडं दिसलं, आणि टोपड्याच्या वरच्या फांदीवर दिसलं ते पाहून ती जागीच थबकली. काट्यांत एक परी अडकली होती! इवलीशी, बोटभर उंचीची. झगा गुलबक्षी, केस सोनसळी, आणि पंख... अहो, पंख कागदाचे! पातळ, झिरझिरीत, त्यांत इंद्रधनुष्याचे सातही रंग. पण धुक्यानं ते भिजून लोळागोळा झाले होते.

"ओढू नकोस हं मला," परी अगदी क्षीण आवाजात म्हणाली. "ओढलंस तर फाटतील."

"ओला कागद ओढतात होय कुणी?" रुंजी म्हणाली. "तू हलू नको. मला येतं."

तिनं दोन्ही तळहातांची ओंजळ पंखांभोवती धरली आणि ऊन ऊन श्वास सोडत राहिली. हळूहळू, एकेक घडी सुकवत. बोटांना काटे टोचले, रक्ताचे ठिपके आले, तरी तिनं घाई केली नाही. पंख सुकले तसे ते चमचमायला लागले, आणि परी अलगद तिच्या तळहातावर उतरली.

"माग, रुंजी. काय हवं ते माग."

"पोरांना उठव! माझ्या हौशाला उठव, सगळ्यांनाच उठव."

परीचा चेहरा उतरला. "ते माझ्या हातानं व्हायचं नाही गं बाळ. माझ्या पंखांचा कागद वाजला की ही झोप मोडते. पण तो वाजवायला माणसाचं मनगट लागतं, नि नाव घ्यायला माणसाचा श्वास." तिनं पंखांच्या आतून तीन कागद काढले. एक गुलाबी, एक निळा, एक केशरी. हातात येताच ते वीत वीत लांब झाले. "तीन गोष्टी लक्षात ठेव. घडी तुझ्याच हातची हवी. वाजवण्याआधी घडीच्या पोटात एकच फुंकर घालायची, त्या फुंकरीत ज्याचं नाव असेल तो जागा होईल. आणि एक कागद एकदाच वाजेल."

"आणि उशीर झाला तर?"

"आज सूर्य बुडाला की जे निजलेले राहतील," परी म्हणाली, "ते निजलेलेच राहतील."

रुंजी धापा टाकत घरी आली. आईला सगळं सांगून तिनं मांडी घातली आणि गुलाबी कागदाची घडी घालायला घेतली. बोटं सवयीची, भराभर चालली. आता सवय ही अशी चीज आहे की ती चांगल्या माणसालासुद्धा खड्ड्यात घालते. त्यांच्या घरचा बापाच्या वेळेपासूनचा रिवाज होता, नव्या खेपेतला पहिला फटाका उंबऱ्यावर वाजवायचा. पहिला आवाज घराचा, मग बाजाराचा. घडी पुरी झाली, रुंजी उठली, उंबऱ्यापाशी गेली आणि हात वर नेऊन तिनं झटकला.

फडाड्!

तीन दिवसांत गावानं ऐकलेला तो पहिला खणखणीत आवाज. आढ्यावरची पाल जागी झाली, चुलीमागचं मांजर उठून उभं राहिलं. गुलाबी कागदाची भुरभुर राख झाली, आणि मगच रुंजीच्या ध्यानात आलं की आपण नाव घेतलंच नाही.

"आई! आई गं, मी काय केलं हे!" ती तिथंच मटकन बसली आणि गुडघ्यांत तोंड घालून रडायला लागली.

"रडायला सवड नाही," आईनं तिला दंड धरून उठवलं. "दोन आहेत अजून. बस. घडी घाल."

निळ्या कागदाची घडी झाली. रुंजी हौशाच्या उशाशी बसली, तोच दारातून जनाकाकू आत आली. पदर खांद्यावरून घसरलेला, अन् कडेवर तिचा एकुलता एक म्हादू. त्याचे ओठ काळेनिळे पडले होते.

"रुंजे, आवाज ऐकला मी. थाळी वाजेना त्या धुक्यात तुझा फटाका वाजला, म्हणजे त्यात काहीतरी आहे. तुझ्या त्या फटाक्यांना मी शिव्या घातल्या, माझी जीभ झडो," ती म्हणाली. "पण याचा श्वास लागत नाहीये गं हाताला. संध्याकाळपर्यंत नाही टिकायचा तो. तू म्हणशील तर पाया पडते तुझ्या."

रुंजीनं हौशाकडे पाहिलं. त्याची छाती वरखाली होत होती, हळू, पण होत होती. म्हादूची जवळजवळ थांबली होती. तिला जनाकाकूचा राग आठवला, खोटं कशाला सांगू? आठवला. पण म्हादूचे ओठ बघवेनात. तिनं घडीच्या पोटात फुंकर घातली, "म्हादू," आणि हात झटकला.

फडाड्! निळ्या ठिणग्या नाचल्या. म्हादूनं खोलवर श्वास घेतला, डोळे चोळले आणि "आई, भूक," म्हणून भोकाड पसरलं. असलं गोड भोकाड बोरखोऱ्यानं कधी ऐकलं नव्हतं.

ते ऐकून बाकीच्या पाच आया अंगणात गोळा झाल्या. रुंजीच्या आईनं त्यांना परीच्या कागदांचं सगळं सांगितलं. कुणी काही मागितलं नाही. मागायचं कुठल्या तोंडानं? कागद एकच उरला होता आणि तो कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. धुक्यामागे सूर्याची फिकट टिकली डोंगराच्या शेंड्याला टेकायला आली होती.

केशरी घडी हातात घेऊन रुंजी विचार करत राहिली. फुंकर एकच, असं परी म्हणाली होती. नाव एकच, असं कुठं म्हणाली होती?

"आई," ती हळूच म्हणाली, "एका फुंकरीत सहा नावं बसतील?"

"पोट भरून श्वास घे," आई म्हणाली. "आधी कुणाचं घेशील?"

रुंजीच्या जिभेवर हौशाचंच नाव होतं. पण दारात बारक्याची आई उभी होती, बारक्या जेमतेम दोन वर्षांचा. तिच्या शेजारी येसूची म्हातारी आजी होती. दारात आलेल्याला आधी वाढायचं आणि घरच्यानं मागून बसायचं, हे रुंजीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तिनं डोळे मिटले, छाती फुटेल एवढा श्वास घेतला आणि घडीत फुंकर सोडली. "बारक्या... येसू... गेणू... ठकी... चिमी..."

आणि श्वास संपला.

तीन दिवसांच्या काळजीनं आणि जागरणानं तिची छाती रिकामी झाली होती. हौशाचं नाव ओठांवर आलेलं, पण ते बाहेर ढकलायला कणभर वारा उरला नव्हता. दुसरा श्वास घेतला तर सगळीच नावं वाया जाणार. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ती उठली आणि तिनं हात झटकला.

फडाड्! केशरी झोत साऱ्या गावावरून गेला. पाच घरांतून पाच आवाज उठले. कुणी रडलं, कुणी हाक मारली, ठकी तर गाणंच म्हणायला लागली. अंगण एका क्षणात ओस पडलं, सगळ्या आया आपापल्या घरी धावल्या.

या एकाच घरात आवाज नव्हता. हौशा तसाच निजला होता. आई त्याचे तळपाय चोळत होती, चोळतच होती.

"तू चुकलीस असं मी कधी म्हणायची नाही," ती रुंजीकडे न बघता म्हणाली. "पण आत्ता माझ्याशी बोलू नकोस, पोरी."

ते शब्द रुंजीच्या काळजात रुतले. ती हौशाच्या गार हातावर कपाळ टेकून पडून राहिली. बाहेर सूर्य अर्धा डोंगराआड गेला.

"रुंजीताई," दारातून आवाज आला. म्हादू उभा होता, आणि त्याच्यामागे येसू, गेणू, ठकी, चिमी. बारक्या आईच्या कडेवर होता. "आम्हाला घडी शिकव."

"तो कागद संपला रे. साध्या कागदानं काय होणार?"

"आम्हाला तू नाव घेऊन उठवलंस. आम्ही त्याचं घेतो की," म्हादू म्हणाला. त्याला यात अवघड असं काहीच वाटत नव्हतं.

जनाकाकूनं पुड्या बांधायच्या कागदांचा गठ्ठाच आणून जमिनीवर टाकला. "बघत काय बसलीस? शिकव त्यांना!" ती ओरडली, आणि ओरडताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

रुंजी उठली. "मधोमध दुमडा. कोपरे आत. येसू, एवढं दाबू नको गं, पोट मोकळं ठेव. गेणू, उलटं धरलंस!" घड्या वेड्यावाकड्या झाल्या, चिमीची तर फाटलीच, तिला दुसरी घालून दिली. बारक्याच्या मुठीत रुंजीनं घडी ठेवली आणि त्याची मूठ आपल्या मुठीत धरली. सहाही पोरांनी घडीत तोंड घातलं. "हौशा!" सगळी म्हणाली, बारक्या तेवढा म्हणाला, "हौछा!"

फट्. फुस्स. फट्.

काही झालं नाही. सूर्याची नुसती कड उरली होती.

"पुन्हा!" आता आईच ओरडली. "अगं, पुन्हा वाजवा!"

पोरांनी पुन्हा घडीत फुंकर घातली, पुन्हा नाव घेतलं आणि सहाही हात एकदम खाली आले.

फडाड् फाट् फट् फडाड् फाट् फट्!

साध्या पुडीच्या कागदांतून ठिणग्या उडाल्या! गुलाबी, निळ्या, केशरी, पोपटी, जांभळ्या. धुक्याला ते सोसलं नाही. ते टराटरा फाटत दरीत उतरलं आणि ओढा खळखळायला लागला. घोंगडीवर हौशा वळवळला, दोन्ही कानांवर हात दाबून उठून बसला आणि चिडून म्हणाला, "किती तो आवाज! निजू द्याल का नाही?"

आईनं त्याला छातीशी असं ओढलं की त्याला श्वास घेता येईना, आणि दुसऱ्या हातानं रुंजीला ओढलं. तिघंही रडत होती, त्यातला हौशा का रडतोय हे त्यालाच कळत नव्हतं.

कोनाड्यातल्या विझल्या दिव्याशी परी उभी होती. तिचे पंख आता उरले नव्हते, तरी ती हसत होती.

"साध्या कागदात तुझा रंग कुठून आला गं?" रुंजीनं विचारलं.

"तू पाच नावं आधी घेतलीस आणि आपलं मागं ठेवलंस," परी म्हणाली. "त्या पाचांच्या श्वासात मी उतरले. म्हादूच्याही. आता मला पंख नकोत."

एवढं बोलून ती उजळत गेली. आधी समईएवढी, मग शेकोटीएवढी, मग सगळं घर सोनेरी उजेडानं लख्ख भरलं आणि दाराबाहेर सांडलं. उजेड ओसरला तेव्हा कोनाडा रिकामा होता. बाहेर सूर्य बुडाला होता आणि बोरखोऱ्यातली आठही पोरं जागी होती.

हौशानं डोळे पुसले, जमिनीवरच्या कागदांकडे पाहिलं आणि त्याचा ओठ बाहेर आला. "सगळ्यांनी वाजवला," तो म्हणाला, "आणि मला एकट्यालाच नाही दिला?"

जनाकाकू खाली बसली. तिनं गठ्ठ्यातला सगळ्यांत मोठा कागद काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "घे रे माझ्या राजा. आणि वाजवायचा तो माझ्या कानाशीच वाजव."