प्रभातमंगलच्या दहा मोहरा

"हे 'प्रभातमंगल' म्हणजे काय आहे?" राजा वीरकेतू गरजला.

हिराशेट सावकाराच्या पेढीवरून राजाच्या खासगी खात्याचा उतारा आला होता. वैशाखापासून दर महिन्याला त्यात एक ओळ होती : 'प्रभातमंगल, दहा मोहरा.' दिवाळी तोंडावर आली तरी ओळ काही सुटली नव्हती. हे आपण कधी मागवलं, खाल्लं की अंगाला लावलं, राजाला काही आठवेना!

दरबारातले म्हातारे कामाला लागले. म्हणजे खोकले. राजज्योतिषी म्हणाले, "ग्रहशांती असावी. थांबवली तर राज्य बुडेल." दिवाणजी म्हणाले, "थोरल्या महाराजांपासूनची प्रथा असणार." थोरले महाराज जाऊन वीस वर्षं झाली होती आणि ओळ होती यंदाच्या वैशाखापासूनची! पण एखादी गोष्ट कळली नाही की तिला प्रथा म्हणायचं, हीच त्या दरबाराची एकमेव प्रथा.

शेवटी हिराशेटलाच बोलावलं. त्याने हात जोडले. "गिऱ्हाइकाचं गुपित आहे, महाराज. आमची पेढी कुणालाही सांगत नाही."

"अरे, गिऱ्हाईक मीच आहे!"

"म्हणूनच जास्त जपतो!"

आता कुणाची तरी मान हवी होती. म्हाताऱ्यांना स्वतःची सोडून दुसऱ्याची मान चटकन दिसते. पेढीवरून राजवाड्यात थैली आणणारा कोंडाजी त्यांना दिसला. "यानेच हात मारला असणार," दिवाणजी म्हणाले.

"टाका कोठडीत!" राजा म्हणाला. "कार्तिक उजाडायच्या आत कुणी हे प्रभातमंगल ओळखून बंद केलं, तर सुटेल. नाहीतर हद्दपार! हा माझा शब्द!"

कोंडाजीची मुलगी गोजरा राजवाड्याचं अंगण झाडायची. ती झाडू घेऊनच दरबारात शिरली.

"महाराज, वैशाखाच्या आधी तुम्हाला कुणी काही फुकट दिलं होतं का?"

"ए पोरी! मोठ्यांच्या मध्ये बोलतेस?" दिवाणजी ओरडले.

"मोठे कामाचं काही बोलले असते तर मी आलेच नसते. महाराज, आठवा."

राजाने डोकं खाजवलं. "गुढीपाडव्याला हिराशेटने एक माणूस पाठवला होता खरा. रोज पहाटे दाराशी यायचा आणि म्हणायचा, 'आजचा दिवस महाराजांचा!' महिनाभर फुकट. बरं वाटायचं. मग शेटने विचारलं, पुढे चालू ठेवू ना? मी पेंगत होतो. मान हलली असेल. एक कागद पुढे आला, मुद्रा उमटली असेल. पुढे तो माणूस दिसेना, मीही विसरलो."

"दिसेल कसा?" गोजरा म्हणाली. "तो आता मागच्या भिंतीला सांगतो! रोज पहाटे येतो, भिंतीकडे तोंड करून पुटपुटतो आणि जातो. आम्हाला वाटायचं, बिचारा वेडा आहे. वेडं कोण, ते आज कळलं!"

राजा लाल झाला, पण खोटं कसं म्हणणार?

"शेटजी, बंद करा हे!"

"आनंदाने!" हिराशेटने कागद उलगडला. "फक्त कराराप्रमाणे व्हावं. महाराजांनी जातीने पेढीवर यायचं, गादीसमोर उभं राहायचं, 'नको' म्हणायचं. दिवस अमावास्येचा, वेळ दिवेलागणीनंतरची."

"पण अमावास्येला तुमची पेढी बंद असते!" दिवाणजी म्हणाले.

"आजोबांपासून!" हिराशेट हसला.

राजा दातओठ खात म्हणाला, "मुद्रा माझी आहे. मी करार मोडणार नाही."

"मग माझ्या बाला तरी सोडा," गोजरा म्हणाली. "चोरी त्याची नाही, हे तर कळलं."

"अट प्रभातमंगल ओळखून बंद करण्याची होती. शब्द म्हणजे शब्द!"

"वा! पेंगताना हललेली मान पाळायची आणि जागेपणी दिसलेला न्याय सोडायचा!"

"मग प्रभातमंगल बंद कर आणि बापाला घेऊन जा!" राजा म्हणाला.

"करते. आश्विनाच्या शेवटच्या संध्याकाळी नटूनथटून तयार राहा."

त्या संध्याकाळी सगळा दरबार गोजराच्या मागून पेढीवर निघाला. पाहतात तो काय! पेढीची दारं सताड उघडी, उंबऱ्यावर पणत्यांच्या रांगा. आत चौरंगावर लाल बांधणीच्या कोऱ्या वह्या, त्यांवर हळदकुंकू, आणि लाह्याबत्ताशांचं ताट घेऊन हिराशेट!

"या, या महाराज! लक्ष्मीपूजनाचा प्रसाद घ्या!"

"घेतील," गोजरा म्हणाली. "शेटजी, आज तिथी कोणती?"

"लक्ष्मीपूजन!"

"तो सण झाला. मी तिथी विचारली."

हिराशेटने ताट घाईघाईने खाली ठेवलं. "अमा... अमावास्या."

"दिवे लागले, पेढी उघडी, गादी समोर. म्हणा, महाराज!"

राजाने छाती भरून श्वास घेतला.

"थांबा!" हिराशेट किंचाळला. "नव्या वहीपुढे पहिला शब्द 'नको'? वर्षभर गिऱ्हाइकं मला तेच ऐकवतील! उद्या म्हणा ना!"

"उद्या अमावास्या नाही. नसेल ऐकायचं तर दार लावून घ्या."

"दार कसं लावू? लक्ष्मी यायची आहे!"

"मग ऐका."

"नको! म्हणजे मी नाही म्हणालो तसं! पोरी, काहीतरी तोड काढ गं! घेतलेल्या मोहरा परत देतो. पण आज पेढीतून पैसाही बाहेर काढता येत नाही!"

"बाहेर काढायला कोण सांगतंय? उघडा कोरी वही. वर 'श्री' लिहा. त्याखाली पहिला शब्द लिहा 'जमा'! महाराजांच्या नावे, वैशाखापासूनच्या सगळ्या मोहरा. आणि शेजारी लिहा, 'प्रभातमंगल सुफळ संपूर्ण!' आता सांगा शेटजी, यात कुठलं अक्षर अशुभ आहे?"

हिराशेटने कपाळावरचा घाम पुसला आणि लेखणी उचलून तसंच लिहिलं.

राजा इतका हसला की त्याचा मुकुट कलला! त्याने गळ्यातली कंठी काढून गोजराच्या हातात ठेवली आणि कोंडाजीला सोडायला स्वार धाडला. "यापुढे माझ्या खात्याचा उतारा आधी तू बघायचास. बोल, पगार काय घेशील?"

गोजराने म्हाताऱ्यांच्या रांगेवरून नजर फिरवली.

"दिवाणजींना मिळतो त्याहून एक मोहर जास्त!"