सावरीच्या औषधाच्या चार शिंपल्या

पळसाच्या रानाला टेकून एक चिमुकलं गाव होतं. गावाच्या अगदी टोकाला, जिथे पायवाटसुद्धा दमून संपून जायची, तिथे वेणूचं खोपट होतं. वेणू सात वर्षांची. तिला बाबा नव्हते. होती ती आई, आणि होती सावरी. आई दिवसभर पळसाची पानं टाचून पत्रावळी लावायची. लोकांच्या लग्नात त्या पत्रावळींवर केशरी जिलब्यांची रास पडायची, पण वेणूच्या घरी मात्र नाचणीची एकच भाकरी दोघींत मोडली जायची. आपल्या अर्ध्या भाकरीतला एक तुकडा वेणू रोज दाराशी येणाऱ्या चिमण्यांना टाकायची. आई म्हणायची, "अगं, तुलाच पुरत नाही." वेणू म्हणायची, "आई, त्यांना तर भाकरी करायलाच येत नाही ना!"

आणि सावरी कोण? सावरी म्हणजे वेणूची ससुली. सावरीच्या झाडाच्या कापसासारखी पांढरीशुभ्र, ऊबदार, गुलाबी नाकाची. तिचा एक कान ताठ उभा, दुसरा लोंबता. म्हणून जत्रेत तिला कुणी घेतलंच नाही. जत्रा उठली तेव्हा सशेवाल्याने ती वेणूच्या ओंजळीत ठेवली आणि म्हणाला, "घे पोरी, तुझ्यापाशी सुखात राहील."

पौषातली सकाळ होती. आई पत्रावळींचा भारा डोक्यावर घेऊन बाजारच्या गावाला गेली होती. वेणूने सावरीपुढे हरळीची कोवळी कोवळी पाती ठेवली. सावरीने तोंड फिरवलं. कालची पातीही तशीच सुकून पडली होती. सावरी कोपऱ्यात पाठ गोल करून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले. गुलाबी नाकाची लुकलुक अगदी मंद झालेली.

वेणूने सावरीला टोपलीत ठेवलं आणि ती तात्या वैद्यांच्या घरी धावत सुटली.

तात्यांनी सावरीच्या पोटावरून हलकेच बोटं फिरवली. त्यांच्या पांढऱ्या भुवया जवळ आल्या.

"पोट थांबलंय हिचं. ससा खायचा थांबला ना बाळ, की फार वेळ नसतो." त्यांनी हिरव्या औषधाची कुपी आणि एक इवलीशी शिंपली वेणूच्या हातात दिली. "ह्यात चार शिंपल्या औषध आहे. एक जरी नीट पोटात गेली तरी पुरे. पण सूर्य डोंगराला टेकायच्या आत गेली पाहिजे. आणि पुन्हा मागायला येऊ नकोस, ह्या औषधाची मुळी आता थेट चैत्रात फुटायची."

"बरी झाली हे कळेल कसं, तात्या?"

"लेंडी टाकेल," तात्या म्हणाले. "काळीभोर, गोल. दिसली की समज, सावरी वाचली."

पौषातला दिवस केवढासा! हां हां म्हणता संपतो. वेणू घरी येईपर्यंत ऊन अंगणात उतरलंसुद्धा होतं. तिने शिंपली भरली, सावरीला मांडीत दाबून धरलं आणि शिंपली तोंडाशी नेली. सावरीने दात घट्ट मिटले. मान इकडे, मान तिकडे! मागच्या पायांची एक लाथ अशी बसली, की शिंपली उडाली आणि औषध वेणूच्या परकरावर सांडलं.

एक शिंपली गेली. उरल्या तीन.

वेणूला काही सुचेना. ती उठली, बसली, दारात जाऊन सूर्य बघून आली, पुन्हा उठली. मग तिला आठवलं, ओढ्याकाठच्या जुन्या बागेत सुवासिक पाला असतो. त्याच्या वासाने तरी सावरी तोंड उघडेल! सावरी, कुपी आणि शिंपली टोपलीत घालून ती तशीच पळाली.

त्या बागेत कुणी माळी नव्हता, पण फुलं आपली आपणच फुलायची. पिवळ्याधमक शेवंत्या, शेंदरी अबोली, जांभळी कोरांटी. आणि पानापानावर उन्हाचे चिमुकले कवडसे नाचत होते. वेणूला मात्र त्यातलं काही दिसत नव्हतं. ती भराभर पाला खुडत होती. एवढ्यात तिला बारीक आवाज आला. काचेची बांगडी किणकिणावी तसा.

बाभळीच्या खोडावर डिंकाचा सोनेरी थेंब होता आणि त्यात एक पंख अडकला होता. चतुराच्या पंखासारखा, पण सप्तरंगी. त्या पंखाला लागून होती एक एवढीशी परी! बोटाच्या पेराएवढी. अंगात अबोलीच्या पाकळीचा झगा.

"मला सोडवतेस का गं?" परी म्हणाली. "पण ओढू नकोस हं, पंख फाटेल."

वेणूने टोपलीकडे पाहिलं. मग आभाळाकडे पाहिलं. सूर्य डोक्यावरून कलायला लागला होता. पाय म्हणत होते पळ, पळ! पण त्या पंखाची थरथर बघून तिला पुढे जाववेना. तिने पळसाच्या पानाचा द्रोण केला, ओढ्याचं पाणी आणलं आणि डिंकावर थेंब थेंब सोडायला लागली. एक थेंब. मग फुंकर. पुन्हा एक थेंब. डिंक विरघळत विरघळत गेला आणि पंख अलगद सुटला.

परीने गिरकी घेतली. आसपासचे सगळे कवडसे तिच्याबरोबर गरगरले.

"तुझ्या तीन इच्छा मी पुऱ्या करीन," ती म्हणाली. "पण आधी नियम ऐक. आजार पळवणं माझ्या हातात नाही, ते औषधाचंच काम. तू जे मागशील तेच होईल, कणभर कमी नाही की जास्त नाही. आणि सूर्य डोंगराआड गेला, की मीही गेले."

वेणूला पुरतं ऐकायचाही धीर नव्हता. "सावरी हलू नये!" ती घाईघाईने म्हणाली. "अजिबात हलू नये!"

परीने चुटकी वाजवली. सावरी जागच्या जागी थिजली. कान हलेना, मिशी हलेना. वेणूने पटकन शिंपली भरून तिच्या तोंडात रिकामी केली. पण गळाही हलेना! औषध ओठांच्या कडेने ओघळून हनुवटीवरून खाली टपकलं. आणि सावरीचे डोळे... ते तेवढे उघडे होते. त्यांत इतकी भीती दाटली होती, की वेणूला रडूच फुटलं.

"नको, नको! पुरे! हलू दे तिला!"

परीने ती इच्छा मागे घेतली, पण एक इच्छा खर्च झाली ती झालीच. सावरी सुटली आणि टोपलीच्या तळाशी अंग चोरून बसली. वेणूने हात पुढे केला तर ती आणखी मागे सरकली.

उरल्या दोन शिंपल्या. सूर्य उंबराच्या शेंड्याशी आला.

वेणू बागेत येरझाऱ्या घालायला लागली. शेवंतीपासून ओढ्यापर्यंत, ओढ्यापासून शेवंतीपर्यंत. "कडू लागतं म्हणून घेत नसेल. हो ना गं परी? मग ह्या शिंपलीतल्या औषधाचा मध होऊ दे! गोड गोड मध!" असं म्हणत तिने भरलेली शिंपली पुढे धरली.

परी काही बोलायला गेली, पण इच्छा तोंडातून निघून गेली होती. शिंपलीतलं हिरवं औषध सोनेरी झालं. सावरीने नाक पुढे केलं, हुंगलं आणि चक्क चाटलं! सगळं चाटलं! वेणू टाळ्या पिटणार, तोच परी हळूच म्हणाली, "वेणू, ते औषध राहिलंच नाही गं. तू मध मागितलास. त्याचा मधच झाला."

वेणूने कुपी उन्हाशी धरून पाहिली. कुपीच्या तळाशी आता एकच शिंपली औषध उरलं होतं. इच्छाही एकच. ऊन तांबूस झालं होतं. सावरीचं पोट मघापेक्षाही फुगलं होतं. वेणूचं काळीज असं धडधडत होतं, की तिला ते कानात ऐकू येत होतं.

"काय मागू?" ती स्वतःशीच पुटपुटली. "हलू नको म्हटलं, तर ती घाबरली. गोड मागितलं, तर औषध गेलं. मी माझंच माझं मागतेय. तिला काय होतंय ते मला ठाऊकच नाही." तिने डोळे पुसले. "परी, मला सावरीच्या मनातलं कळू दे. बास."

चुटकी वाजली. आणि एका क्षणात वेणू एवढीएवढीशी झाली. निदान तिला तसं वाटलं. वरून दोन मोठे मोठे हात येत होते, घारीने झडप घालावी तसे. काहीतरी चकाकत होतं, दातासारखं. पोटात दगड होता, जड आणि दुखरा. आणि सगळ्यांत भयंकर होती ती धडधड. धडधड, धडधड! ती सावरीच्या छातीतली नव्हती. ती वेणूच्या छातीतली होती. सावरी मनात म्हणत होती, *माझी वेणू एवढी भ्यालीय, म्हणजे नक्की काहीतरी वाईट येतंय. पळ सावरी, पळ!*

वेणू भानावर आली तेव्हा तिचे गाल ओले होते.

"अगंबाई! तू मलाच भीत होतीस होय?"

सूर्य आणि डोंगर यांत आता हातभरच अंतर होतं. घाई करावी असा सगळा जीव ओरडत होता. पण वेणूने घाई केली नाही. ती गवतावर मांडी घालून बसली. डोळे मिटून तिने श्वास घेतला, सोडला. पुन्हा घेतला, सोडला. तिच्या छातीतली धडधड हळूहळू उतरत गेली, चुलीवरचं दूध खाली उतरावं तशी.

मग तिने सावरीला वरून उचललं नाही. तिने खांद्यावरची ओढणी टोपलीत सोडली, आणि बाजूने, अगदी खालून, तिला ओढणीसकट जवळ घेतलं. पाय अलगद गुंडाळले. पाठ आपल्या पोटाला टेकवली. उरलेलं औषध शिंपलीत ओतलं आणि शिंपली तळहातात धरून कोमट केली. औषधाचा एक थेंब आधी आपल्या जिभेवर ठेवला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"शी! कडू आहे गं बाई. खोटं नाही सांगत तुला. पण पोटातला दगड जाईल ह्याने. थोडं थोडं घेऊ या, हं? तू सांगशील तेव्हा थांबू."

तिने तोंडाच्या कडेने एक थेंब सोडला. सावरीने मान झटकली. वेणू थांबली. कपाळावरून बोट फिरवलं. पुन्हा एक थेंब. ह्या वेळी गळा हलला. पुन्हा एक. पुन्हा थांबली. परी श्वास रोखून फांदीवर बसली होती. डोंगराची कडा सोन्यासारखी पेटायला लागली, आणि शिंपलीतला शेवटचा हिरवा थेंब सावरीच्या पोटात गेला.

आता काय, वाट बघायची! वेणूच्या पायांना मुंग्या आल्या, पण ती हलली नाही. सूर्याची तळकड डोंगराला टेकली. अर्धा सूर्य बुडाला. सावरी निपचित पडून होती. मग ओढणीत गुड्डूऽऽ असा आवाज झाला. पुन्हा झाला, गुड्डूऽऽगुड! सावरीने अंग ताणलं, शेपटीचा गोंडा हलवला आणि...

"लेंडी!" वेणू ओरडली. "परी, बघ, बघ! लेंडी टाकली!"

साऱ्या जगात कुणी लेंडी बघून एवढं हसलं नसेल. परी तर हसता हसता फांदीवरून घसरलीच. सावरीने नाक लुकलुक हलवलं आणि वेणूने खुडलेल्या पाल्यातलं एक पान कुरुकुरु खायला घेतलं.

सूर्याची एक बारीक कोर उरली होती. परी वेणूच्या तळहातावर उतरली.

"तिन्ही इच्छा सशासाठी खर्च केल्यास," ती म्हणाली. "स्वतःसाठी एकही नाही मागितलीस. मग हे माझ्याकडून, न मागता. आजपासून ह्या हातांना कुठलाही मुका जीव भिणार नाही. पण नियम आहे हं! तू मनात घाई आणलीस, की हे देणं गेलं."

तिने पंख झटकले. परागांची सोनेरी धूळ वेणूच्या बोटांवर पडली. परी तेजाळत गेली, आधी शेवंतीसारखी पिवळी, मग अबोलीसारखी शेंदरी, मग नुसताच प्रकाश. तो प्रकाश पानापानांतून झिरपत गेला, ओढ्यावरून एकदा झळकला आणि डोंगराआडच्या सूर्यापाठोपाठ निघून गेला.

आई परतली तेव्हा दारात वेणू बसली होती, आणि तिच्या मांडीत सावरी मजेत पाला खात होती. आईने सगळं ऐकलं. लेकीचे हात आपल्या हातात घेऊन तिने ते गालाला लावले.

आठवड्याने धनगराची शेळी औषध घेईना, म्हणून त्याने तिला वेणूकडे आणलं. मग कुणाचं वासरू आलं, कुणाचा पाय मोडलेला बगळा. तात्या वैद्य औषध द्यायचे आणि म्हणायचे, "द्यायचं कसं, ते वेणूला विचारा." कुणी पायलीभर तांदूळ घेऊन यायचं, कुणी ताकाची चरवी. दोघींच्या घरी आता दोन भाकऱ्या होऊ लागल्या, आणि मग तीन.

जशी सावरीला औषधाची शिंपली गोड मानून घेता आली, तशी आजारी पडलेल्या साऱ्या बाळांना येवो. आणि ती पाजणाऱ्या हातांना वेणूसारखा धीर मिळो.