मिठाचे अनुदान

त्या रानात मीठ एकाच ठिकाणी होते, आणि ती जागा वाघाच्या गुहेमागे होती.

सांबरांची शाळा नदीच्या उताराजवळ भरे. तिथे जुन्या कवट्या पडलेल्या असत. भुरकी नावाची सांबरीण पाडसांना एकेका कवटीपाशी नेई. "हे तुझे आजोबा. पाणी पिताना वाघाने नेलं. आता पाय आपट." ज्याला वास आधी येईल त्याने पाय आपटून सगळ्यांना सावध करायचे आणि मगच स्वतः पळायचे. इतिहास म्हणा, नागरिकशास्त्र म्हणा, सगळे एवढेच.

पण मिठावाचून पाडसे हडकली होती. भुरकीची धाकटी लेक बोरी तर उभी राहिली की लटपटे. अशात वाघमहाराजांच्या दरबारचा कोल्हा आला.

"भुरकीबाई, महाराजांना तुमच्या कामाचं फार कौतुक! शाळेला मिठाचं अनुदान मंजूर झालंय. फक्त ते 'वाघाने नेलं' तेवढं गाळा. लहान मुलांसमोर बरं दिसत नाही हो."

"आणि पोरांनी विचारलं, आजोबा कसे गेले, तर?"

"वय झालं होतं म्हणा की!"

भुरकीला त्याच्या तोंडावर थुंकावेसे वाटले. पण गरजवंताला अक्कल नसते. तिने बोरीच्या बरगड्यांकडे पाहिले आणि मान हलवली.

मीठ आले. पाडसे बाळसे धरू लागली, बोरी उड्या मारू लागली. आया म्हणाल्या, "बाईंनी शाळेचं सोनं केलं!" मग कोल्हा पुन्हा आला. पाय आपटणे म्हणे रानटी दिसते. पाहुणा आला की रांगेत उभे राहावे, मान लांब करून नमस्कार करावा. जाताना त्याने कवट्याही उचलून नेल्या. मेल्याचे बोलणे मात्र साखरेत घोळलेले! पोरगी जरा मोठी होऊ दे, घरी सगळे खरे सांगीन, असे भुरकी स्वतःला बजावी. आज सांगू, उद्या सांगू करता करता ते राहूनच गेले.

एके सकाळी महाराज स्वतः तपासणीला आले. भुरकीला वास आला. तिने जीव खाऊन पाय आपटला. "पळा! पोरांनो, पळा!"

एकही कान हलला नाही. बोरी शरमून कुजबुजली, "बाई, काय हे? पाहुण्यांसमोर!" शाळेत ती आईला बाईच म्हणे.

महाराज रांगेसमोरून सावकाश चालत आले आणि बोरीपाशी थांबले. साऱ्या वर्गात तीच सर्वांत गुटगुटीत होती. शिकवल्याप्रमाणे एक पाऊल पुढे टाकून तिने मान लांब केली.